शेवट आधी सांगायचा का?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: त्यांचा दादा 34 वर्षांचा आहे. दहा महिन्यांपूर्वी उथळ पाण्यात सूर मारताना त्याची मान मोडली. इजा सी-5, म्हणजे मानेतल्या पाचव्या पातळीची आहे. खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं हलत नाहीत. अपघाताआधी तो सिनेमावेडा होता, म्हणून घरच्यांनी ठरवलं की त्याच्यासारख्याच माणसांवरचे 'उमेद देणारे' चित्रपट त्याला दाखवायचे. पहिला 'द इनटचेबल्स' लावला, दादा खळखळून हसला. मग एका मावसभावाने 'गुजारिश' सुचवला आणि शेवट माहीत नसताना तो लावला गेला. (संपल्यावर दादा म्हणाला, "चला, याची तरी सुटका झाली.") आई उठून आत गेली. तेव्हापासून बहीण प्रत्येक चित्रपट आधी स्वतः बघते. तिने 14 'सुरक्षित' चित्रपटांची यादी केली आहे. ती दादाला दाखवली तर तो म्हणाला, "मला एखादी मर्डर मिस्ट्री लाव." तो वास्तव टाळतोय का, कोणते चित्रपट दाखवावेत, कोणते लपवावेत आणि शेवट आधी सांगावा का, हे तिने विचारलं आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलं आहे. बाकीच्या प्रश्नांना उत्तरं देतोच, पण आधी तो कंस उघडू.

"याची तरी सुटका झाली" हे वाक्य चित्रपटाबद्दलचं मत असू शकतं, कडवट विनोद असू शकतो किंवा मनातली खरी गोष्ट असू शकते. तिन्हींतलं काय, हे तुम्ही-आम्ही तर्काने ठरवू शकत नाही. दादालाच विचारावं लागेल, आणि त्यासाठी पुढच्या चित्रपटाची वाट बघू नका. आई-बाबा खोलीत नसताना, टीव्ही बंद करून, सरळ शब्दांत विचारा: "दादा, त्या दिवशी तू सुटका म्हणालास. तुला स्वतःला मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट ज्याला सांगायचं असतं त्याला वाट मिळते. उत्तर आल्यावर लगेच समजूत घालू नका. "असं बोलू नये" म्हटलं की दार बंद होतं.

तो "कधी कधी वाटतं" म्हणाला, तर येत्या काही दिवसांत त्याच्या पुनर्वसनाच्या डॉक्टरांशी आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं करा. मज्जारज्जूच्या इजेनंतरचं नैराश्य हा अपंगत्वाचा अटळ भाग नसतो. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर वेगळे उपचार होतात. रात्रीची मोडलेली झोप, जळजळणारी मज्जातंतूंची वेदना, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग यांनीही माणूस खचतो. त्यामुळे डॉक्टरांना या तिन्हींबद्दल आवर्जून सांगा. तो "रोज वाटतं" म्हणाला किंवा कसं करायचं हेही त्याने ठरवलेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका. आणखी एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. ज्याला हातांनी काही करता येत नाही, त्याची निराशा नकारातून दिसते: पाणी नको, कूस बदलायला नको, कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला नको, जेवण अर्ध्यावर. असं सुरू झालं असेल तर त्याला हट्टीपणा समजू नका.

आता चित्रपट. 'गुजारिश' बघून तुमचा दादा खचला असं तुम्ही गृहीत धरलं आहे. कदाचित तो आधीच खचलेला होता आणि चित्रपटाने त्याला ते बोलायला शब्द दिले. तसं असेल तर त्या मावसभावावर रागावण्याचं कारण नाही, आणि यादी गाळून-गाळून शुद्ध करण्यातही फारसा अर्थ नाही.

तरीही चित्रपट निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. असा नायक शेवटी मरतो, हा एक साचा आहे आणि तो ओळखता आला की त्याची धार निम्मी होते. 'गुजारिश' (2010) मधला जादूगार 14 वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे आणि न्यायालयाकडे इच्छामरण मागतो. 'मी बिफोर यू' (2016) मधला श्रीमंत तरुण प्रेम मिळूनही मरण निवडतो. 'मिलियन डॉलर बेबी' आणि स्पॅनिश 'द सी इनसाइड' हे दोन्ही 2004 चे. पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर एकाच रात्री मिळालं. मानेखाली लुळं पडलेलं माणूस शेवटी मरतं, अशा दोन गोष्टींना एकाच समारंभात सर्वोच्च मान! 'मिलियन डॉलर बेबी'च्या विरोधात अपंग हक्क कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली. 'मी बिफोर यू'च्या वेळीही तेच झालं.

पटकथाकार असं का लिहितात? दुष्टपणा हे कारण नाही, यामागे सोय आहे. दोन तासांच्या गोष्टीत शेवटी काहीतरी बदलावं लागतं. शरीर तर बरं होणार नाही. मग एक तर चमत्कार दाखवायचा, जो खोटा वाटतो. किंवा मरण दाखवायचं, जे भव्य वाटतं आणि संगीतही त्यावर छान चढतं. तिसरी वाट म्हणजे शरीर तसंच राहतं आणि बाकीचं बदलतं: घर, नोकरी, नातं, उंबऱ्यावरची फळी, मदतनीसाची पाळी. हे लिहायला कठीण, आणि पोस्टरवर तर मुळीच मावत नाही. थोडक्यात, पडद्यावर इतके जण मरतात ते गोष्ट संपवायची असते म्हणून. खरी माणसं पुढे जगतात. 'द इनटचेबल्स' ज्यांच्यावर बेतला आहे त्या फिलिप पोझो दी बोर्गो यांचा पॅराग्लायडिंगचा अपघात 1993 मधला आणि मृत्यू 2023 मधला. मधली 30 वर्षं ते जगले, त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि इच्छामरणाच्या कायद्याला जाहीर विरोधही केला.

म्हणून 'सुरक्षित' आणि 'धोकादायक' अशी तुमची वर्गवारी बाजूला ठेवा. तिच्याऐवजी प्रत्येक चित्रपटाला काही प्रश्न विचारा. ते दादालाही सांगा. सिनेमावेड्या माणसाला ते आवडतील.

पहिला प्रश्न: यात दिवस दिसतो का? मानेखाली हालचाल नसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे आता तुमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सकाळी पोट साफ करण्याचा कार्यक्रम, कॅथेटर, कपडे, खुर्चीत बसवणं, दर अर्ध्या तासाने भार हलवणं, रात्री दोन-दोन तासांनी कूस. पडद्यावर यातलं फार थोडं दिसतं. 'गुजारिश' मध्ये गळक्या छतातून रात्रभर कपाळावर थेंब पडत राहतात आणि नायक हलू शकत नाही, हा प्रसंग अंगावर येतो. पण तो प्रसंग बघताना मनात यायला हवं ते हे, की याच्या उशाशी हाक मारायची सोय का नाही? तोंडाने फुंकून किंवा गालाने दाबून वाजणारी घंटा असते, आवाजावर चालणारा फोन असतो. ते थेंब म्हणजे व्यवस्थेतली उणीव आहे, आणि चित्रपट ती नशिबाच्या नावावर खपवतो. 'मिलियन डॉलर बेबी' मध्ये नायिकेला बेडसोर होतात आणि पाय कापावा लागतो, जणू हे व्हायचंच होतं. बेडसोर व्हायचंच असतं असं नाही. हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि त्वचा मरते. वेळेवर कूस, योग्य गादी, रोज पाठ-कंबर-टाचा डोळ्यांनी तपासणं यांनी बहुतेक बेडसोर टळतात. लालसर डाग दाब काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या भागाला त्वचेचा नेहमीचा रंग येईपर्यंत त्यावर भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे ठाऊक असलेला माणूस तो चित्रपट बघून घाबरत नाही, चिडतो. चिडलेला बरा.

'द इनटचेबल्स' सगळ्यांना आवडतो, तरी त्यातल्या एका विनोदाबद्दल सांगायलाच हवं. मदतनीस नायकाच्या मांडीवर कढत पाणी ओतून बघतो, याला खरंच काही जाणवत नाही का ते. प्रेक्षक हसतात. प्रत्यक्षात अशा त्वचेला चटका कळत नसला तरी ती भाजते नेहमीसारखीच, आणि जखम भरायला आठवडे लागतात. गरम पाण्याची पिशवी, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप किंवा चार्जिंगला लावलेला फोन यांनीही भाजतं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना हे एकदा सांगून ठेवा.

दुसरा प्रश्न पैशाचा, तो थोडक्यात. यातल्या बऱ्याच नायकांकडे वाडा, गाडी आणि चोवीस तास माणूस असतो. 'इतकं असूनही तो मेला, मग आपलं काय' असं बघणाऱ्याच्या मनात येतं. ते उघड बोलून टाकलेलं बरं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: नायकाशिवाय व्हीलचेअरवरचं आणखी कुणी यात आहे का? 'गुजारिश', 'मी बिफोर यू', 'मिलियन डॉलर बेबी' बघा. नायकाच्या भोवती सगळे चालते-फिरते. त्याला असं कुणी भेटतच नाही जे म्हणेल, "माझंही पहिलं वर्ष असंच गेलं, ती पिशवी अशी बांध, म्हणजे नळी पिळत नाही." 'द सी इनसाइड' मध्ये व्हीलचेअरवरचा एक धर्मगुरू येतो खरा, पण त्याची खुर्ची जिन्यावरून वर जात नाही. मग एक तरुण वर-खाली पळत दोघांचे निरोप पोचवतो. प्रसंग विनोदी आहे, आणि त्यात दोघांची भेट होतच नाही. एकटेपणा हा पटकथेचा निर्णय असतो. तुमच्या दादाची ही दहा महिन्यांतली अवस्थाही काहीशी तशीच असणार. त्याच्याभोवती प्रेमाची माणसं आहेत, पण त्याच्यासारखं कुणी नाही.

म्हणून तुमच्या यादीत नसलेले काही चित्रपट सुचवतो, ज्यांत वॉर्डच्या वॉर्ड भरलेला आहे. 'द मेन' (1950) हा मार्लन ब्रँडोचा पहिला चित्रपट. युद्धात कंबरेखाली लुळे झालेले सैनिक, आणि पडद्यावर त्यांच्यात रुग्णालयातले खरे रुग्णही. जुना आहे, काही संवाद आज बोचतील, पण कॉटवरून कॉटवर होणारी थट्टा अस्सल आहे. 'द वॉटरडान्स' (1992) चा लेखक आणि सहदिग्दर्शक नील हिमेनेझ स्वतः मज्जारज्जूच्या इजेनंतर व्हीलचेअर वापरायचा. मान मोडलेला लेखक, एक बढाईखोर आणि एक चिडका असे तिघे एका पुनर्वसन वॉर्डात. भांडणं, चावट गप्पा, संताप, प्रेयसीशी ताणलेलं नातं. कुणी बरं होत नाही, कुणी हुतात्माही होत नाही. दादाच्या सद्यस्थितीला याहून जवळचा कथापट मला माहीत नाही.

'मर्डरबॉल' (2005) हा व्हीलचेअर रग्बीवरचा माहितीपट. यात खेळणारे सगळे क्वाड्रिप्लेजिक, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय बाधित असलेले. खेळाडूला त्याच्या हालचालीनुसार 0.5 ते 3.5 गुण दिले जातात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज 8 च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे कमी हालचालीचा खेळाडूही संघाला लागतोच. त्यात कीथ नावाचा नुकताच अपघात झालेला तरुण आहे. घरी परतल्यावरचा त्याचा चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल. भाषा शिवराळ आहे आणि शरीरसंबंधांवर मोकळी चर्चा आहे, त्यामुळे आईला शेजारी बसवून लावू नका. 'क्रिप कॅम्प' (2020) अपंग किशोरांच्या उन्हाळी शिबिरापासून सुरू होतो आणि 1977 मध्ये त्याच मुलांपैकी काही जण सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून हक्क मिळवतात तिथवर जातो. दोन दिग्दर्शकांपैकी एक, जिम लेब्रेक्ट, त्याच शिबिरातला मुलगा.

कॅमेऱ्यामागे कोण आहे हेही बघावं, मात्र त्याचा नियम करू नये. 'डान्स मी टू माय साँग' (1998) ची सहलेखिका आणि नायिका हेदर रोज हिला सेरेब्रल पाल्सी होती आणि ती यंत्राच्या आवाजात बोलायची. जपानी '37 सेकंड्स' (2019) ची नायिका मेई कायामाही सेरेब्रल पाल्सी असलेली. या दोन्हींत शरीर जसं पडद्यावर येतं, तसं धडधाकट नटाला कितीही सराव करून जमत नाही. 'द सेशन्स' (2012) श्वासयंत्रात पडून राहणाऱ्या एका कवीच्या लैंगिक अनुभवाबद्दल आहे. दिग्दर्शक बेन लेविनला स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. हा चित्रपट फार उमदा आहे, पण दादाला तो तुमच्यासोबत बघायचा असेलच असं नाही. त्याला खोलीत एकट्याने चित्रपट बघता येतो का, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही. मी तो वरच्या नंबरवर ठेवेन.

कारण इथेच खरी अडचण आहे. दादाची बोटं हलत नाहीत म्हणून रिमोट तुमच्या हातात आला, आणि रिमोटबरोबर निवडही आली. हात तुमचे असायला हरकत नाही. निवड त्याची हवी. आता ते दोन्ही सुटे करा. सी-5 ला कोपर वाकतं, म्हणजे हात उचलता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून 'युनिव्हर्सल कफ' घ्या: तळहातावर बसणारा पट्टा, त्यात चमच्यासारखाच स्टायलसही (फोनच्या पडद्यावर टेकवायचं पेन) खोचता येतो. मनगट लोंबत असेल तर आधी मनगटाचं स्प्लिंट, मग कफ, नाहीतर स्टायलसचा नेम चुकतो. फोन खुर्चीला जोडलेल्या स्टँडवर, छातीच्या उंचीला. त्यावरून टीव्हीवर चित्रपट पाठवता येतो. अँड्रॉइडमध्ये 'व्हॉइस अ‍ॅक्सेस' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइस कंट्रोल' सेटिंगच्या सुलभता विभागात फुकट असतात. आवाजाची सोय हमखास फसते ती चित्रपट चालू असताना, कारण माइक संवादही ऐकतो आणि आज्ञा गोंधळते. त्यावर उपाय म्हणजे फोन स्पीकरपासून लांब ठेवणं किंवा तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट. रिमोटच हवा असेल तर मांडीवरच्या ट्रेवर न घसरणाऱ्या रबरी चटईवर ठेवा. मोठ्या, हलक्या बटणांचा असेल तर बोटाच्या पेराने दाबता येतो. स्ट्रीमिंगवर त्याचं स्वतंत्र प्रोफाइल करा आणि 'पुढचं आपोआप सुरू' हा पर्याय बंद करा. तुम्ही सगळ्यांनी एकाच प्रोफाइलवर उमेदीचे चित्रपट बघितलेत, तर तो उघडेल तेव्हा त्याला तेच दिसत राहणार. आपण आता एवढ्याच वर्गातले प्रेक्षक उरलो, असं त्यालाही वाटू लागेल.

बसण्याबद्दल थोडं, कारण दोन-अडीच तासांच्या चित्रपटात नेमकी इथे चूक होते. खुर्ची मागे कलणारी असेल तर दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं किमान 30 अंश, थेरपिस्ट म्हणत असेल तर 45 अंश कलवा. नुसतं जरासं कलवून कुल्ल्यांवरचा भार सरकत नाही. त्या मिनिटांत पडदा दिसेनासा होतो म्हणून घरोघरी हे पुढे ढकललं जातं. टीव्ही नेहमीपेक्षा वर आणि थोडा खाली झुकवून लावला तर कललेल्या खुर्चीतूनही दिसतो आणि हनुवटी छातीला टेकत नाही. चित्रपट लावण्याआधी लघवीची पिशवी रिकामी करा आणि मध्यंतर मिळो न मिळो, मध्यात एकदा बघा. ती निम्मी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. नळी मांडीखाली दबलेली नाही ना, हेही.

हे इतकं बारकाईने सांगतोय त्याला कारण आहे. टी-6 (छातीची सहावी पातळी) किंवा त्यावरच्या इजेत, म्हणजे दादाच्याही, मूत्राशय तुंबलं, तर रक्तदाब एकदम चढू शकतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा-मान लाल होते, कपाळाला घाम येतो, नाक चोंदतं. हृदयस्पर्शी प्रसंगात दादाचा चेहरा लाल झाला तर ती भावनाच असेल असं धरू नका. लगेच सरळ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा, नळीला पीळ आहे का बघा, रक्तदाब मोजा. मानेच्या इजेनंतर नेहमीचा वरचा आकडा 90 ते 110 असतो. त्यामुळे 140 हा एरवी साधा वाटणारा आकडाही त्याच्यासाठी जास्त आहे. कारण सापडलं नाही, किंवा दूर केल्यावरही काही मिनिटांत रक्तदाब उतरला नाही, तर थेट तातडीच्या विभागात. त्याचा रोजचा रक्तदाब कागदावर लिहून खुर्चीच्या मागे अडकवून ठेवा. नव्या डॉक्टरला तो ठाऊक नसतो.

चित्रपटगृहात जायचं असेल तर आधी फोन करून 'व्हीलचेअरची सोय आहे का' इतकंच विचारू नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात. जागा कितव्या रांगेत, शेजारी सोबत्याची खुर्ची आहे का, दारापासून तिथवर एकही पायरी नाही ना, लिफ्ट आज चालू आहे ना, हे विचारा. पुष्कळदा ती जागा अगदी पहिल्या रांगेत निघते आणि मान वर करून बघणं त्याला झेपणारं नसतं. इजेच्या खाली घाम येत नाही आणि कुडकुडीही भरत नाही, त्यामुळे थंडगार सभागृहात शाल आणि मोजे न्यायलाच हवेत.

आता तुमचा थेट प्रश्न, शेवट सांगायचा का. सांगू नका आणि लपवूही नका, विचारा. "यात शेवटी काय होतं ते आधी सांगू?" काही जणांना कळलेलं हवं असतं, काहींना नको असतं, आणि उत्तर दिवसागणिक बदलतं. हो म्हणाला तर एका वाक्यात: "तो शेवटी मरण निवडतो." किंवा 'ब्रीद' (2017) असेल तर: "शेवटी मरण निवडतो, पण 1958 ला पोलिओ झाल्यावर 36 वर्षं जगून." या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे ते दादाला सांगावं लागणार नाही.

चित्रपट संपल्यावर "बघ, तो किती हिमतीने जगतो" हे वाक्य घरात कुणालाही म्हणू देऊ नका. ऑस्ट्रेलियन विनोदकार स्टेला यंग व्हीलचेअर वापरायची. तिने 2014 च्या एका गाजलेल्या भाषणात म्हटलं होतं की जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. प्रेरणा ही बहुतेक वेळा बघणाऱ्या धडधाकट माणसाची सोय असते. त्यापेक्षा दादाला त्याच्या ठिकाणाहून विचारा. त्या नर्सने त्याला उचललं ती पद्धत बरोबर होती का? त्याचे हात असे सपाट पडलेले दाखवलेत, तुझे तर वळतात ना? या विषयात आता घरातला जाणकार तोच आहे. चुका काढताना तो रंगात आला तर आणखी काही बोलायची गरज नाही.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. अपघाताच्या इजेत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. एएलएस (हालचालीच्या मज्जापेशी मरत जातात) किंवा ड्यूशेन (स्नायू झिजत जातात) अशा वाढत जाणाऱ्या आजारात मात्र चित्रपट हे पुढचं वेळापत्रक असतं: आधी काठी, मग खुर्ची, मग आवाज जाणं. अशा घरात विचारल्याशिवाय काहीच लावू नये. 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग' (2014) बघून नातेवाईक म्हणतात की शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग 21 व्या वर्षी एएलएसचं निदान होऊनही 76 पर्यंत जगले. ते अपवाद होते. एएलएसचे बहुतेक रुग्ण निदानानंतर काही वर्षंच जगतात, आणि हे रुग्णाला सहसा माहीत असतं. त्या वाक्याने त्याला धीर येत नाही. आपल्याशी कुणी खरं बोलत नाही, एवढंच त्याला कळतं.

राहिली मर्डर मिस्ट्री. दादा वास्तव टाळत नाहीये. त्याचं वास्तव चोवीस तास त्याच्या अंगावर आहे. त्याला दोन तास सुट्टी हवी आहे, तुम्हाला ऑफिसनंतर हवी असते तशीच. तुमच्या 14 चित्रपटांची यादी पुसू नका. त्याच्या फोनवर पाठवा, माझे चार-पाच त्यात घाला, आणि पुन्हा त्याबद्दल विचारू नका. आज रात्री मर्डर मिस्ट्रीच लावा, त्याच्या पसंतीची.

त्यानेच "सुचव काहीतरी" म्हटलं तर 'द बोन कलेक्टर' (1999) आहे. डेन्झेल वॉशिंग्टनचा पोलिस तपासतज्ज्ञ अंथरुणात पडून खुनाचा तपास करतो. त्याला डोकं, खांदे आणि एक बोट एवढंच हलवता येतं. घटनास्थळी पाय आणि हात अँजेलिना जोलीच्या पोलिसाचे, काय बघायचं आणि काय उचलायचं हा निर्णय त्याचा. चित्रपट म्हणून मध्यम आहे, शेवटची झटापट तर अचाट आहे. सुरुवातीला हाही नायक मरणाची तयारी करत असतो आणि शेवटी ती सोडतो, तेव्हा वर म्हटल्याप्रमाणे हे आधी सांगू का ते विचारा. खुनी कोण, ते मात्र विचारलं तरी सांगू नका.